पुस्तक कपाटात गेलं, आमची वही कुठं गेली?

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव व कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सार्वजनिक वाचनालय, आपल्याच गावचं

महोदय,

आपण सूचनाफलकावर लावलेला कागद आता सगळ्या गावानं वाचला आहे. मासिक सभेत आपण तीन गोष्टी ठरवल्या. ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी देवघेवीतून काढायची, वाचकांची अभिप्राय वही बंद करायची आणि रविवारी संध्याकाळी वाचनकक्षात जमणाऱ्या आम्हा मंडळींना यापुढे बसू द्यायचं नाही. कारण दीड ओळीचं आहे: ‘हिंसक व राजकीय स्वरूपाच्या साहित्याची चर्चा निवडणुकीच्या काळात अनुचित वाटते, एका ज्येष्ठ वाचकानेही आक्षेप नोंदविला आहे.’ कुणाला वाटते, ते लिहिलेलं नाही. निवडणूक झाल्यावर पुस्तक परत मिळेल का, तेही नाही.

सचिवभाऊंना विचारलं, तर म्हणाले, ‘बाई, तुम्ही घरच्याच, कायले वाढवता?’ घरची आहे म्हणूनच लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण ठरावही उघड्या फलकावर लागला आहे.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सातबारा, आठ-अ, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, दिवसभर हेच. अभिप्राय वही ठेवू या ही सूचना माझी आणि ते जाड रजिस्टरही माझ्याच दुकानातलं. वाचनालय उघडं असतं तेव्हा ज्यांना वावरातून येणं जमत नाही, ते पुस्तक माझ्याकडे ठेवून जातात. जाता जाता चार वाक्यं बोलतात, आणि ती मी त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवते. म्हणजे आपण बंद केलेल्या वहीतलं निम्मं अक्षर माझं आहे. मतं त्यांची आहेत आणि त्यातली बरीचशी मला पटतही नाहीत.

आता पुस्तकाबद्दल. ठरावात नाव आहे, पण आत काय आहे त्याचा एक शब्द नाही. फ्रेडरिक फोर्साइथ हा इंग्रज वार्ताहर १९६२ साली रॉयटर्ससाठी पॅरिसमध्ये काम करत होता. फ्रान्सनं अल्जीरिया ही आपली वसाहत सोडल्याच्या रागातून ओएएस नावाची गुप्त संघटना फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या जिवावर उठली होती. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पेती-क्लामार इथं त्यांच्या गाडीवर गोळ्यांचा मारा झाला. पत्नी शेजारी होती, टायर फुटले, तरी चालकानं गाडी काढली आणि दोघं वाचले. कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला ११ मार्च १९६३ ला गोळ्या घालून देहदंड दिला गेला. इथपर्यंत इतिहास. पुढची गोष्ट रचलेली, ती १९७१ साली छापून आली. आपली सगळी माणसं पोलिसांना पाठ झाली आहेत हे ओळखून संघटना बाहेरच्या एका मारेकऱ्याला पाच लाख डॉलरची सुपारी देते. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याला शोधायचं काम येतं क्लोद लेबेल या अधिकाऱ्याकडे. हा बुटका, साधा, घरी बायकोपुढे गप्प बसणारा माणूस.

आणि द गॉल तर १९७० साली, वयाच्या ७९व्या वर्षी, आपल्या घरी वारले. म्हणजे मारेकरी हरणार हे पुस्तक उघडायच्या आधीच ठाऊक असतं. वहीतला पहिलाच अभिप्राय त्यावर आहे, एका कास्तकाराचा: ‘मरत नाही हे मालूम हाय, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. असं काहून होते?’ त्याच्याखाली निरनिराळ्या अक्षरांत उत्तरं आली. कुणी म्हणालं लेखक तारीख-वेळ सांगत सांगत नेतो म्हणून. कुणी म्हणालं दोन्ही बाजूंची घाई आपल्याला दिसते, त्यांना एकमेकांची दिसत नाही म्हणून. आणि एकानं लिहिलं: ‘पेरल्यावर काय होते हेबी मालूमच राह्यते ना, तरी दरसाल पेरतोच.’ हे वाचून वाचनालयात जो हशा झाला तो आपल्या कार्यालयापर्यंत आला असेल. याला राजकीय चर्चा म्हणायचं असेल तर म्हणा.

माझी पहिली तक्रार सरळ आहे. देवघेव रजिस्टरमध्ये हे पुस्तक मंडळातल्या कुणाच्याही नावावर गेलेलं दिसत नाही. बाहेरून घेऊन वाचलं असेल तर आनंदच आहे, वहीत दोन ओळी लिहा. न वाचता ठराव केला असेल, तर निदान वहीतली मतं तरी आधी वाचायची होती. आपल्याला ज्या गोष्टींची धास्ती वाटते, त्या सगळ्या वाचकांनी तिथं स्वतःहून मांडल्या आहेत आणि त्यावर भांडूनही झालं आहे.

उदाहरणार्थ, पोरांना यातून बंदूक करायची अक्कल येईल ही धास्ती. मारेकरी एका कारागिराकडून खास बंदूक करून घेतो, तिचे भाग पोलादी नळ्यांत लपवतो आणि शेवटी त्या नळ्या लंगड्या माणसाची कुबडी होऊन पोलिसांसमोरून जातात. आपल्या गावच्या वेल्डिंगवाल्या दादाला हा भाग फार आवडला. त्यानं पुस्तक दोन हातांत धरून मला सांगितलं, ‘हे वाचून दाराची कडी बी होत नाही, ताई. पण काम सांगणारा अन् काम करणारा कसे बोलतात, ते एकदम बरोबर लिहिलं.’

दुसरी धास्ती मोठी, आणि तिच्याबद्दल मी आपल्याला हसणार नाही. वाचक मारेकऱ्याच्या बाजूचा होतो. होतो, खरंच होतो. वहीत किमान अर्ध्या लोकांनी हे कबूल केलं आहे. तो शांत, नेटका, शब्दाला पक्का. त्याला ना राग, ना विचारधारा. काम घेतलंय, ते चोख करायचंय. सरकारी बाजूला मात्र गोंधळ, हेवेदावे, साहेबांसमोर माना डोलावणं. आपल्याकडे चोख काम करणारा माणूस इतका दुर्मीळ की तो कशाचं काम करतोय हे विसरायला होतं. पण लेखक ही भूल घालतो आणि पुढे तीच मोडतो. एक सरदारघराण्यातली बाई त्याला आपल्या घरात आसरा देते आणि तिला त्याचं खरं काम कळतं म्हटल्यावर तो तिचाच जीव घेतो. यावर एका अंगणवाडी सेविकेचा अभिप्राय आहे: ‘जिच्या घरी राह्यला तिलेच मारलं. तवापासून मी त्याच्याकडून नाही. पण त्याच्या आधी होती, ह्याची मले लाज वाटली.’ महोदय, दर वर्षी १५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिनाचा कार्यक्रम घेता, हार-तुरे होतात, भाषणं होतात. वाचून माणसाला काय होतं हे त्या सगळ्या भाषणांपेक्षा या बाईंनी नीट सांगितलं, आणि तेच पान आपण कुलपात घातलं.

सरकारी बाजूही वाचकांनी सोडली नाही. मारेकऱ्याच्या असण्याचा सुगावा ज्या माणसाकडून लागतो, त्याला रोममधून पळवून आणून छळलेलं आहे; त्यात तो मरतो. वकिलांकडे लिखाणाचं काम करणाऱ्या आमच्या एका सभासदानं लिहिलं की सगळा शोध या छळावर उभा आहे आणि लेखक तिथून फार लवकर पुढे निघून जातो. निवृत्त हवालदार काकाजींना हा आक्षेप मान्य नव्हता. रविवारी दोघांचा आवाज चढला, हे खरं. मग ग्रंथपालदादांनी चहा मागवला. ‘शांतता भंग’ म्हणून तोंडी जे सांगितलं जातंय, ते इतकंच होतं.

काकाजींचं स्वतःचं मत मात्र मला सगळ्यात जास्त आवडतं. ते म्हणतात खरा नायक लेबेल. त्याच्या हातात बंदूक नाही, फोन आहे. आधी निरनिराळ्या देशांतल्या पोलिसांना तो रात्रीतून फोन लावतो. नंतर फ्रान्सभरच्या हॉटेलांतून पाहुण्यांनी भरलेली कार्डं गोळा करवतो आणि त्यातलं एक नाव शोधत बसतो. ‘आम्हीबी लॉजचं रजिस्टर तपासाले जात होतो,’ काकाजी म्हणाले, ‘सही करून चहा पिऊन येत होतो. त्यानं रजिस्टर वाचलं.’ स्पर्धा परीक्षेच्या पोरींना रोज रात्रीच्या त्या मंत्रालयातल्या बैठका आवडल्या. इतके मोठे साहेब, आणि त्यातला एक घरी जाऊन मैत्रिणीला सगळं सांगतो, ती ते मारेकऱ्याच्या माणसांपर्यंत पोचवते. (आपला ठराव फलकावर लागायच्या आधी चहाच्या टपरीवर कळला होता. पण तो विषय वेगळा.)

मला स्वतःला धक्का बसला तो पासपोर्टच्या प्रकरणाचा. मारेकरी एका खेड्यातल्या दफनभूमीत जातो, लहानपणीच वारलेल्या मुलाची कबर शोधतो, त्या नावाचा जन्मदाखला मिळवतो आणि त्यावर पासपोर्ट काढतो. जन्माची नोंद एकीकडे, मृत्यूची दुसरीकडे, दोन्ही कधी कुणी जुळवून पाहिलेल्याच नाहीत. ब्रिटनमध्ये ही पळवाट पुढे बरीच वर्षं तशीच राहिली आणि या कादंबरीच्याच नावानं ओळखली गेली. मी रोज याच कागदांत बसते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत झालेली असते आणि दुसऱ्या कुठल्या तरी यादीत तोच माणूस जिवंत असतो, कधी उलटं होतं. मग म्हातारी बाई आपण जिवंत आहोत याचा दाखला मागायला माझ्या दुकानात येते. एक थरारकथा कागदाच्या या ढिलाईवर बोट ठेवते आणि आपण म्हणता, यातून वाईट शिकायला मिळतं. मला तर माझं काम जास्त सांभाळून करावं असं वाटलं.

आता त्या ‘ज्येष्ठ वाचकाच्या आक्षेपा’कडे येते. ही माझी सगळ्यात गंभीर तक्रार आहे.

हे ज्येष्ठ वाचक म्हणजे दुसरे काकाजी, हवालदार काकाजी नव्हेत; सर्वोदयी विचाराचे, आयुष्यभर खादी वापरलेले. आपला जिल्हा वर्धा. सेवाग्राम इथून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ. त्यांनी वहीत लिहिलं की पुस्तकात मारणाऱ्याचं बारीकसारीक सगळं येतं, ज्याला मारायचं आहे तो माणूस म्हणून फारसा येत नाही, आणि हे त्यांना बोचलं. आपण हे वाक्य उचललंत. पण त्यांचा अभिप्राय तिथं संपत नाही. पुढचं पूर्ण पान १९४८ बद्दल आहे. त्यांच्या संमतीनं त्याचा गोषवारा इथं देते.

२० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींच्या प्रार्थनासभेच्या वेळी स्फोट झाला. मदनलाल पाहवा जागेवरच पकडला गेला. त्याच्या बोलण्यात पुण्याकडच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. मरीना हॉटेलच्या खोलीत सोडून गेलेल्या कपड्यांवर ‘एन. व्ही. जी.’ (नथुराम विनायक गोडसे) अशी धोब्याची खूण होती. हॉटेलात नाव लिहिलं होतं देशपांडे. मुंबईत प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालच्या तोंडून आधीच ऐकलेलं तेव्हाचे मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातलं. पुण्याचे एक वरिष्ठ पोलिस अधिकारी त्या दिवसांत दिल्लीत होते. ते परत निघाले ते विमानानं नाही, रेल्वेनं, आणि तेही अलाहाबादवरून. तो संपादक कोण हे पुण्यात विचारलं असतं तर तासाभरात कळलं असतं. २० ते ३० जानेवारी, दहा दिवस हाताशी होते. पुढे १९६६ साली नेमलेल्या कपूर आयोगानं हे सगळं तपासलं, १९६९ मध्ये अहवाल दिला आणि पोलिसांच्या ढिलाईवर स्पष्ट ठपका ठेवला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेवाग्रामला यावं असं गांधीजींच्या मनात होतं. आले ते नाहीत. मार्चमध्ये त्यांच्या माघारी काय करायचं याचा विचार करायला नेहरू, विनोबा, राजेंद्रबाबू सेवाग्रामला जमले.

काकाजींनी शेवटी लिहिलं आहे: ‘ही कथा खोटी आहे, आणि तिच्यात कागद वाचणारा एक माणूस आहे. आमची खरी आहे, आणि तिच्यात तो नव्हता. मला पुस्तक आवडलं नाही. तरुणांनी ते वाचावं.’

ही शेवटची दोन वाक्यं आपल्यासमोर होती. पहिलं घेतलंत, दुसरं सोडलंत. काकाजींना हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘माझ्या नावानं बंदी नको.’ ते स्वतः पत्र लिहिणार नाहीत, त्यांची प्रकृती ठीक नाही. म्हणून मी लिहिते आहे.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. ज्या वाचनकक्षात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे केक कापले जातात, तिथं फ्रान्सच्या साठ वर्षांपूर्वीच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल बोलणं राजकीय कसं ठरतं, हे कुणीतरी समजावून सांगावं. वही वाचकांची आहे. ती ताब्यात घेताना कुणालाही विचारलं नाही, आणि आता ती कुठं आहे हे ग्रंथपालदादांनाही माहीत नाही. त्या दादांना मध्ये घालून ‘वरून सांगितलंय’ असं वाचकांना सांगायला लावणं बरं नाही. त्यांचं मानधन किती आणि ते वेळेवर किती मिळतं, हे आपण जाणता. आणि आपलं वाचनालय १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अनुदान घेणारं आहे. त्या कायद्याच्या नावातला ‘सार्वजनिक’ शब्द आपल्या पाटीवरही आहे.

दर १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनाच्या निमित्तानं आपण ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालता. त्यांची पाच सूत्रं तिथंच भिंतीवर फ्रेम करून लावली आहेत. त्यातली दोन: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ज्या लोखंडी कपाटात हे पुस्तक ठेवलंय, ते त्या फ्रेमच्या बरोबर खाली आहे.

मागण्या साध्या आहेत. पुस्तक देवघेवीत परत यावं. वही, आहे तशी, एकही पान न काढता, काउंटरवर परत ठेवावी. ठराव कुणी मांडला, कुणी अनुमोदन दिलं, कोण विरोधात होतं, हे त्या सभेच्या इतिवृत्तासह फलकावर लावावं. यापुढे कुठल्याही पुस्तकाबद्दल तक्रार आली तर ती लेखी घ्यावी, निदान दोन सदस्यांनी ते पुस्तक पूर्ण वाचावं आणि ज्यांनी वाचलंय अशा वाचकांना बोलावून ऐकावं, मग काय ते ठरवावं. शाळकरी मुलांना हे पुस्तक देऊ नये असं कुणाचं मत असेल, तर त्यावर बोलायला मी तयार आहे. अठरा वर्षांच्या पुढच्यांसाठी वेगळी नोंद ठेवता येते. रविवारची बैठक सुरू राहावी. आवाज चढला तर आम्हाला दटावा, पण कुलूप लावू नका. आणि फलकावरच्या कागदात काकाजींचा जो उल्लेख आहे तो काढावा किंवा त्यांचा अभिप्राय पूर्ण छापावा. ही मागणी सगळ्यात आधी पूर्ण झाली तर बरं, कारण ते रोज कुणाला तरी विचारतात.

या पत्रावर आमच्या रविवारच्या मंडळींपैकी अनेकांनी सह्या द्यायची तयारी दाखवली. मी घेतल्या नाहीत. कुणाच्या सुनेचं रेशनकार्ड अडलंय, कुणाचा मुलगा नोकरीच्या यादीत आहे. गाव लहान आहे. गरज पडली तर येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मी सभासद म्हणून रीतसर मांडीन आणि तिथं हात वर होतील.

एक तातडीची गोष्ट राहिली. पुस्तक सुटलं की पहिला नंबर काळी-पिवळी चालवणाऱ्या आमच्या दादाचा आहे. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी ते त्याच्या हातून अर्धवट परत मागवलं गेलं. मारेकरी पोलिसांना चुकवायला गाडीचा रंग बदलतो तिथं तो अडकला आहे. हातानं मारलेला रंग जवळून ओळखू येतोच, मग नाक्यावर पकडला जातो का, हे तो दुकानासमोर गाडी लावून मला रोज विचारतो. मी सांगणार नाही. त्याला पुस्तक द्या.

आपली,
वाचनालयाची एक वर्गणीदार सभासद